घड्याळ कुणाचं हे ठरवणाऱ्यांना कोण नेमतं?

आजचा एपिसोड थोडा लांब आहे, त्यामुळे एसटीत असाल तर हेडफोन नीट लावा, आणि नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये असाल तर जरा बाजूला जाऊन ऐका. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर नेहमीप्रमाणे ब्लॉगवर टाकलाय.

आजचा विषय निवडणूक आयुक्तांच्या नेमणुका. विषय दिल्लीचा वाटतो ना? पण मी जुन्नर तालुक्यातला माणूस, त्यामुळे सुरुवात आपल्याकडूनच करतो.

शिरूर लोकसभा मतदारसंघ. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके यातच येतात. २०१९च्या निवडणुकीत इथे दोन मोठे उमेदवार होते. राष्ट्रवादीकडून नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे, चिन्ह घड्याळ. समोर शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील, आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे, चिन्ह धनुष्यबाण. कोल्हे जिंकले.

आता २०२४ला या. उमेदवार तेच दोघं. पण घड्याळ आता आढळरावांकडे, आणि कोल्हेंच्या हातात नवं चिन्ह, तुतारी वाजवणारा माणूस. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या घड्याळासमोर आढळराव हरले, तेच घड्याळ घेऊन ते उभे राहिले आणि पुन्हा कोल्हेंकडूनच हरले. मतदार तेच, गावं तीच, माणसं तीच. चिन्हं तेवढी इकडची तिकडे.

हे कसं झालं ते आपल्याला माहीत आहे. २ जुलै २०२३ला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्याबरोबर शपथ घेणाऱ्या आठ जणांमध्ये आंबेगावचे दिलीप वळसे पाटील होते. कोल्हे शरद पवारांबरोबर राहिले. पक्ष फुटला, आणि फुटलेल्या पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाचं हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. ६ फेब्रुवारी २०२४ला आयोगाने निकाल दिला, नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला. दुसऱ्या गटाला आधी नवं नाव मिळालं, मग २२ फेब्रुवारीला तुतारी.

हा निकाल बरोबर की चूक, यावर आपल्याकडे पारावर, सलूनमध्ये, लग्नाच्या मांडवात भरपूर भांडणं झालीत. मी आज त्यात पडणार नाही. मला एक पायरी मागे जायचंय. हा निकाल देणारी माणसं त्या खुर्चीवर बसली कशी? त्यांना कुणी बसवलं? आणि या बसवण्यावरून गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं आपल्या देशात काय काय झालंय?

सही राष्ट्रपतींची, निर्णय कुणाचा?

संविधानाचं कलम ३२४ म्हणतं की मुख्य निवडणूक आयुक्त आणि इतर आयुक्तांची नेमणूक राष्ट्रपती करतील, संसदेने याबद्दल कायदा केला असेल तर त्या कायद्याला धरून. वाचायला छान वाटतं. राष्ट्रपती म्हणजे सगळ्यांचे. पण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे सही राष्ट्रपती भवनातली, नाव मात्र पंतप्रधानांच्या कार्यालयातून आलेलं. आणि तो जो कायदा संसदेने करायचा होता, तो किती वर्षांनी झाला माहितेय? त्र्याहत्तर. तोपर्यंत सगळा कारभार सरकारच्या मर्जीवर.

हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. जून १९४९मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना नावाचे सदस्य होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. आज पंतप्रधान चांगले असतील, उद्याचे कसे असतील कुणी सांगावं? म्हणून मुख्य आयुक्ताच्या नावाला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने मंजुरी घ्या. म्हणजे एकट्या सत्ताधारी पक्षाच्या जोरावर नाव पास होणार नाही, विरोधकांनाही पटावं लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना ही शंका उडवून लावली नाही. आयुक्ताला काढणं कितीही अवघड करून ठेवलं, तरी मुळात सरकारच्या अंगठ्याखालचा माणूसच नेमला तर काय, याला आपल्या मसुद्यात उत्तर नाही, हे त्यांनी सभागृहात मान्य केलं. अमेरिकेत अध्यक्षाने सुचवलेल्या नावाला सिनेटची मंजुरी लागते, त्याचाही उल्लेख त्यांनी केला. पण ती पद्धत इथे आली नाही. संसद पुढे कायदा करील, एवढ्यावर विषय थांबला.

दार जाता-येता बंद करू म्हणून उघडं ठेवलं, आणि ते तसंच राहिलं.

एक आयुक्त, मग तीन, मग पुन्हा एक

सुरुवातीची बरीच वर्षं या उघड्या दाराचा कुणाला त्रास झाला नाही. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, १९५०मध्ये आले. देशातले बहुतेक मतदार निरक्षर, म्हणून चिन्हांची पद्धत आली. काँग्रेसची बैलजोडी तेव्हाची. आमच्या आजीला उमेदवारांची नावं आठवत नाहीत, पण बैलजोडी अजून आठवते.

पहिला मोठा चिन्हाचा वाद याच बैलजोडीवरून झाला. १९६९मध्ये काँग्रेस फुटली. १९६८च्या चिन्हांच्या आदेशातल्या परिच्छेद १५प्रमाणे आयोगाने जानेवारी १९७१मध्ये इंदिरा गांधींच्या बाजूच्या काँग्रेसला खरी काँग्रेस ठरवलं. निकष काय? आमदार-खासदार आणि पक्षसंघटनेतले सदस्य, यांत बहुमत कुणाचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे १९७१च्या निवडणुकीत बैलजोडी कुणालाच मिळाली नाही. इंदिरा गांधी गाय-वासरू घेऊन लढल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने आयोगाचा बहुमताचा निकष योग्य ठरवला. २०२४मध्ये घड्याळाचा निकाल लागला तोही याच परिच्छेद १५खाली, आणि तिथे आमदारांचं बहुमत निर्णायक ठरलं. म्हणजे नियम जुना आहे, अजित पवारांसाठी कुणी नवा बनवलेला नाही. हे शरद पवारांच्या समर्थकांनीही लक्षात ठेवायला हवं.

पण नियम जुना असला तरी तो लावणारी माणसं कोण, हा प्रश्न उरतोच. आणि तो पहिल्यांदा जोरात पेटला १९८९मध्ये.

तोपर्यंत आयोगात एकच आयुक्त असायचा. तेव्हा पेरी शास्त्री होते. लोकसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होणार होती आणि ऑक्टोबरमध्ये राजीव गांधी सरकारने आयोगात आणखी दोन जागा तयार केल्या. १६ ऑक्टोबरला एस. एस. धनोआ आणि व्ही. एस. सीगल यांची नेमणूक झाली. विरोधक म्हणाले, हे शास्त्रींचे हात बांधण्यासाठी आहे. निवडणूक झाली, राजीव गांधी हरले, व्ही. पी. सिंग आले. आणि जानेवारी १९९० उजाडताच नव्या सरकारने त्या दोन जागाच रद्द करून टाकल्या. आयुक्त घरी.

धनोआ न्यायालयात गेले. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागा रद्द करणं वैध ठरवलं. इथे जरा थांबा. एका सरकारने निवडणुकीच्या महिनाभर आधी आयुक्त आणले, दुसऱ्याने अडीच महिन्यांत घालवले, आणि दोन्ही वेळा सह्या राष्ट्रपतींच्याच होत्या.

शेषन नावाचं वादळ

यानंतर आले टी. एन. शेषन, १२ डिसेंबर १९९०ला. नेमणूक चंद्रशेखर सरकारने केली, ज्याला काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा होता. हा माणूस सरकारला अडचणीचा ठरेल असं तेव्हा फार कुणाला वाटलं नसेल. पण शेषननी आचारसंहिता कागदावरून रस्त्यावर आणली. भिंती रंगवणं, भोंगे, खर्च, सगळ्यावर बडगा. मतदार ओळखपत्राचा आग्रह त्यांचाच. तुमच्या पाकिटातलं व्होटर कार्ड ही त्या भांडणातून आलेली गोष्ट आहे.

२ ऑगस्ट १९९३ला तर त्यांनी आदेशच काढला की आयोगाचे अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर देशात निवडणुकाच होणार नाहीत. दोन महिन्यांत, १ ऑक्टोबरला, नरसिंह राव सरकारने आयोगात दोन आयुक्त आणले, एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती. वटहुकूम काढून नियम केला की तिघांत एकमत नसेल तर बहुमताने निर्णय होईल. म्हणजे दोघं एका बाजूला गेले की शेषन एकटे.

शेषन भडकले, सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै १९९५ला पाच न्यायाधीशांनी त्यांची याचिका फेटाळली. एवढी मोठी ताकद एकाच माणसाच्या हाती असण्यापेक्षा तिघं असणं घटनेला धरून आहे, असा त्याचा अर्थ. आणि खरं सांगायचं तर हा विचार चुकीचा नव्हता. पण सरकारने तो केला तेव्हाची वेळ बघितली की हेतूबद्दल शंका येतेच.

आपल्या महाराष्ट्राचा धागा इथे आहे. निवृत्तीनंतर १९९७ला शेषन राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध, आणि त्यांना पाठिंबा होता शिवसेनेचा. काल पंच म्हणून शिट्टी फुंकणारा माणूस आज एका संघाच्या पाठिंब्यावर मैदानात. कायद्याने काहीच चूक नाही. पण पंचांनी निवृत्तीनंतर काय करावं यावर आपण कधी नियमच केला नाही, हे त्यातून दिसतं.

जागा बदलली की भूमिका बदलते

आता २००५. मनमोहन सिंग सरकारने नवीन चावला यांना निवडणूक आयुक्त नेमलं. भाजपने आरोप केला की ते काँग्रेसच्या जवळचे आहेत. २००६मध्ये विरोधी खासदारांनी सह्या करून राष्ट्रपती कलामांकडे त्यांना काढण्याची मागणी केली. मग जानेवारी २००९मध्ये तर खुद्द मुख्य आयुक्त एन. गोपालस्वामी यांनी राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवली की आपले सहकारी चावला यांना हटवा. तोंडावर लोकसभा निवडणूक. त्या वेळी राष्ट्रपती होत्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. सरकारच्या सल्ल्यानुसार त्यांनी शिफारस फेटाळली. एप्रिलमध्ये चावला मुख्य आयुक्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत निवडणुका नीट पार पडल्या, पण नेमणुकीवरचा डाग चर्चेत राहिला तो राहिलाच.

जून २०१२मध्ये लालकृष्ण अडवाणींनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. नेमणुका एकट्या सरकारने करू नयेत, समिती असावी. त्यात पंतप्रधान, सरन्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते असावेत. काँग्रेस सरकारने ते केलं नाही.

नंतर सरकार बदललं. २०१४नंतर तीच मागणी काँग्रेस करायला लागली आणि भाजप सरकार जुनी पद्धतच कशी ठीक आहे हे सांगायला लागलं. मी हे कुणाला टोमणा मारायला सांगत नाहीये. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं, सत्तेत असताना ज्याला त्याला उघडं दार सोयीचं वाटलं.

एका दिवसात आयुक्त

१८ नोव्हेंबर २०२२ला अरुण गोयल यांनी सरकारी सेवेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १९ नोव्हेंबरला ते निवडणूक आयुक्त झाले. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात नेमणुकांच्या पद्धतीवर सुनावणी चालू होती. न्यायाधीशांनी फाईल मागवली आणि एवढी घाई कशाची, असं विचारलं.

२ मार्च २०२३ला न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या घटनापीठाने निकाल दिला. संसद कायदा करत नाही तोवर पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश मिळून नावं सुचवतील. १९४९चा प्रश्न, उत्तर २०२३मध्ये.

पण डिसेंबर २०२३मध्ये संसदेने अखेर कायदा केला आणि त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेले एक केंद्रीय मंत्री आले. आता हिशोब करा. तिघांत दोघं सरकारचे. सरकारची बाजू अशी की नेमणूक हे सरकारचं काम आहे, न्यायाधीशांचं नाही, आणि कायदा करण्याचा अधिकार घटनेने संसदेलाच दिलाय. यात तथ्य आहे. विरोधकांची बाजू अशी की ज्या समितीत विरोधी पक्षनेत्याचं मत कधीच निर्णायक ठरू शकत नाही, तिथे त्याला चहा प्यायलाच बोलावलंय. यातही तथ्य आहे.

कायद्याची पहिली परीक्षा लगेच झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये एक आयुक्त निवृत्त झाले. ९ मार्चला अरुण गोयल यांनी अचानक राजीनामा दिला. लोकसभा निवडणूक तोंडावर आणि आयोगात एकटे राजीव कुमार. १४ मार्चला समिती बसली. विरोधकांकडून अधीर रंजन चौधरी होते. ते बाहेर येऊन म्हणाले, आदल्या रात्री मला २१२ नावांची यादी मिळाली आणि अंतिम सहा नावं बैठकीच्या दहा मिनिटं आधी. ज्ञानेश कुमार आणि सुखबीर संधू यांची निवड झाली. १६ मार्चला निवडणूक जाहीर. सर्वोच्च न्यायालयाने कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. फेब्रुवारी २०२५मध्ये ज्ञानेश कुमार मुख्य आयुक्त झाले तेव्हा समितीतल्या राहुल गांधींनी आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं.

एक बारीक गोष्ट सांगतो, जी आपल्याकडच्या वादात हरवते. घड्याळाचा निकाल लागला तेव्हा आयोगात असलेले तिघंही या नव्या कायद्याखाली आलेले नव्हते. ते जुन्या, फक्त सरकारच्या सल्ल्याच्या पद्धतीने आले होते. म्हणजे सेन, शेषन, चावला ज्या दारातून आले, त्याच दारातून.

अमेरिकेने काय केलं?

कुणी म्हणेल, मग पक्षांनाच वाटून द्या जागा. अमेरिकेत निवडणुकीच्या पैशावर लक्ष ठेवणारा एक केंद्रीय आयोग आहे. सहा सदस्य, अध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. निर्णयाला चार मतं लागतात. ऐकायला फार न्याय्य. प्रत्यक्षात कित्येकदा तीन विरुद्ध तीन होऊन प्रकरणं अडकतात. २०१९मध्ये तर सदस्यच चारपेक्षा कमी उरले आणि आयोगाला निर्णय घेता येईनात, कारण नवीन नेमणुकांवर एकमत नव्हतं. एकतर्फी नेमणूक हा एक आजार, आणि कायम बरोबरीत अडकणं हा दुसरा.

आपल्या गावाला याचं काय?

२०२४च्या लोकसभेत ट्रम्पेट नावाचं एक मोकळं चिन्ह अपक्षांना मिळालं होतं. लोक त्याला पिपाणी म्हणायला लागले. साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि तिथे पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. शरद पवारांच्या पक्षाने हे चिन्ह काढून टाकायची मागणी केली. आयोगाने यंत्रावर तुतारीवाला माणूस ठळक दाखवायची तयारी दाखवली, पिपाणी मात्र ठेवली.

मग नोव्हेंबर २०२४ची विधानसभा. आंबेगावात वळसे पाटलांसमोर देवदत्त निकम, चिन्ह तुतारीवाला माणूस. वळसे पाटील जिंकले, फरक फक्त १,५२३ मतांचा. आणि निकम यांच्याच नावाच्या, पिपाणी चिन्ह असलेल्या एका अपक्षाला २,९६५ मतं. ही सगळी मतं चुकून पडली असं सिद्ध करता येत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. चिन्हच सगळं ठरवतं असंही नाही, कारण लोकसभेत याच आंबेगाव-जुन्नरच्या मतदारांना नवीन तुतारी तीन महिन्यांत पाठ झाली होती. पण दीड हजार मतांच्या निकालात एका चित्राचा आकार किती महाग पडू शकतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

म्हणून हा विषय आपला आहे. आयोगाने काय ठरवलं यापेक्षा, हरलेल्या माणसाला तो निकाल मान्य करता येतो का, हे महत्त्वाचं. कुस्तीच्या आखाड्यात पंच समोरच्या पैलवानाच्या घरचा असेल, तर निकाल खरा असला तरी गाव मानत नाही. आणि ज्याच्या घरचा पंच, त्याचाही विजय थोडा फिका पडतो.

आणि हे फक्त निवडणूक आयोगापुरतं नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगरापासून नाणेघाटाच्या अंगाला, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. त्यांच्या तक्रारी ज्या राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे जाऊ शकतात, त्याचे अध्यक्ष आणि सदस्यही कलम ३३८अ खाली राष्ट्रपतीच नेमतात. तिथे विरोधी पक्षनेत्याला विचारायची अटच घटनेत नाही. त्यावर टीव्हीवर एकही डिबेट होत नाही.

माझं मत विचाराल तर सांगतो. सक्सेनांचा मुद्दा अजून खरा आहे. नाव असं असावं की विरोधकांपैकी काहींनी तरी त्याला हो म्हणायला हवं. ते जमत नसेल तर निदान यादी आठवडाभर आधी द्या, बैठकीची नोंद लोकांसमोर ठेवा, आणि निवृत्तीनंतर काही वर्षं कुठलंही राजकीय पद नको. यातल्या कशालाच अमेरिकेची नक्कल लागत नाही.

आणि तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. ज्ञानेश कुमार यांची मुदत जानेवारी २०२९पर्यंत आहे. म्हणजे पुढच्या लोकसभेच्या अगदी तोंडावर पुन्हा नेमणुकीची वेळ येणार. तेव्हा दिल्लीत कुणाचं सरकार असेल आणि तुम्ही कुणाचे कार्यकर्ते असाल, मला माहीत नाही. पण त्या दिवशी तुमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढंच विचारा, हेच नाव समोरच्या पक्षाच्या सरकारने आणलं असतं तर आपण काय म्हणालो असतो?

उत्तर मिळालं तर मलाही कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. राम राम.